हजार कणसांची मोजणी

मी एक जुनं भिंग आहे. साताऱ्याचे कारागीर हाफिजचाचा यांनी माझ्या काचेला पितळी मूठ बसवली. सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मेहेंदळे सरांनी मला विकत घेतलं. पिकांवरचे रोग शोधत आम्ही रानोरान हिंडायचो. पुढे लढाई लागली, हिंडणं थांबलं आणि मी सरांच्या टेबलावर धूळ खात पडलो.

१९४५ ची संक्रांत नुकतीच झाली होती. बी.एस्सी.ला शिकणारी चंद्रा हातात ज्वारीची कणसं घेऊन सरांच्या दाराशी आली. ती वडूजच्या शेतकरी घरातली.

"सर, मला तुमच्या हाताखाली संशोधन करायचंय."

"ते एम.एस्सी.ला. आधी परीक्षा द्या," सर वर न बघताच म्हणाले.

चंद्राचा चेहरा उतरला, पण ती जागची हलली नाही. "मग एवढंच सांगा, सर. आमच्या घरच्या बियाण्याच्या शाळूत दाण्याजागी काळी पूड भरलीया. शेजारनं आणलेल्या बियाण्यात तसं लय कमी. रान एकच हाय. दोन्हीकडची हजार-हजार कणसं मी मोजलीत."

सरांनी मान वर केली. "मोजलीत?"

तिने वही पुढे केली. सरांनी ती वाचली, मला उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं. माझ्यातून ते बराच वेळ कणीस न्याहाळत राहिले.

"ही काणी, ज्वारीवरचा रोग. बियाण्यातून येते, असं तुम्हाला वाटतं. पडताळून पाहू. बसा, चंद्राबाई."

मित्रांनो, त्या दिवशी मी किती सुखावलो म्हणून सांगू!

बियाण्यावरची काणी मरावी म्हणून पुढच्या पेरणीला बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवायचं ठरलं. सर स्वतः वडूजला आले. चंद्राची आई बनुबाई म्हणाली, "आवं मास्तर, बी जळलं तर आमी खायाचं काय?"

"आई, चारच वाफे दे," चंद्रा म्हणाली.

बनुबाईने लेकीकडे पाहिलं. "घे. पर राखण तूच करायची."

जानेवारीत पुन्हा मोजणी झाली. न भिजवलेल्या बियाण्यात हजारांमागे नव्वद कणसं काळी. भिजवलेल्यात फक्त तीन. बनुबाईने मला डोळ्याशी धरून टपोरे दाणे पाहिले आणि ती खुदकन हसली. "मोत्यावानी दिसतंय गं." मग तिने मूठभर हुरडा सरांच्या हातावर ठेवला.

सरांनी यावर शोधनिबंध लिहिला आणि त्यावर आपल्या नावाआधी चंद्राचं नाव घातलं.

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, माझ्यावर चरा पडू देऊ नका. आणि मनात प्रश्न आला, तर आधी स्वतः नीट बघा, मोजा, मग गुरुजींचं दार ठोठावा. ते एकदा नाही म्हणाले, तरी थोडं थांबा. चांगल्या प्रश्नाची वाट तेही पाहत असतात.