सारख्या मापाचा जोड

"सर, बहुतेक लोकांचे दोन्ही पाय सारख्याच मापाचे असतात," फोनवरची मुलगी अदबीने म्हणाली.

बूटवाल्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला, शेजारी बसलेल्या लेकीकडे पाहिलं आणि तितक्याच अदबीने म्हणाले, "बहुतेकांसाठी दुकानं पुष्कळ आहेत हो, बाई. माझं दुकान उरलेल्यांचं आहे."

मग त्या मुलीने त्यांची सूचना नोंदवून घेतल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. लेकीने वहीत दुसऱ्या नावावर काट मारली.

वहीत तीन नावं होती. वेबसाइट तर लेकीने महिन्याभरात उभी केली होती. अडलं होतं ते खरेदीच्या सॉफ्टवेअरवर. ती त्याला कार्ट म्हणायची. आतल्या खोलीतून सगळं ऐकणारी आक्का त्याला टोपली म्हणायची. गिऱ्हाइकाने पसंत केलेली वस्तू त्यात पडते, माप, पत्ता विचारला जातो आणि ऑर्डर येते. अशा तीन टोपल्या लेकीने निवडल्या होत्या. प्रत्येक चौदा दिवस फुकट वापरून बघता येत होती. महिनाअखेरीला दुकानाची किल्ली मालकाला परत द्यायची होती, त्याआधी एक पक्की करायची होती.

बूटवाल्यांचं सगळं आयुष्य वेड्यावाकड्या पावलांच्या सेवेत गेलं होतं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाची बोटं अपघातात गेलेली. जोड आपला म्हणायचा इतकंच. डाव्याचं उजव्याशी काही नातं नसायचं. पण दोन्ही घालून माणूस उठला की सरळ उभा राहायचा. दुकानाची एकच रीत होती, वडिलांनी घालून दिलेली. गिऱ्हाईक बसलं की त्याचा पाय आधी हातात घ्यायचा, आणि काय झालंय हे विचारायचं नाही. विचारायचं ते एवढंच : रोज कुठे चालत जाता? मग माणूस बोलू लागे. कुणी शाळेत शिकवायला जाई, कुणी नदीकाठच्या बाकापर्यंत, कुणी नुसतंच कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याशी भांडायला. बोलता बोलता हातातला पाय सैल पडे, आणि सैल पडलेल्या पायाचंच माप खरं. देवाने एकेक पाऊल वेगळ्या साच्यावर घडवलंय, आपण त्याच्या मागून चालायचं, असं बूटवाले म्हणत. म्हणताना त्यांच्या हातात रापीचं पातं असे, कातड्याचा तुकडा असे. पण आवाज देवापुढे उभं राहिल्यासारखा होई.

आता दुकान जाणार होतं. सगळी इमारतच पाडायची होती. दुसरा तळमजला मिळेना. राहतं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथे पावलांचे लाकडी साचे आणता आले असते, शिवणयंत्र आणता आलं असतं; गिऱ्हाईक कसं आणायचं? ज्यांना सपाट रस्ता चालताना धाप लागते, त्यांना बावन्न पायऱ्या चढायला कोणत्या तोंडाने सांगायचं? माणसं चार-चार तासांचा प्रवास करून येत. त्यांच्या घरोघरी जाणं बूटवाल्यांना बासष्टाव्या वर्षी झेपणारं नव्हतं.

"तुझी गिऱ्हाइकं चढू शकत नाहीत, मी उतरू शकत नाही," आक्का म्हणायची. "जिना बांधणाऱ्याने दोन्हीकडून बंदोबस्त केलाय बघ, बाळ्या."

आक्का त्यांची थोरली बहीण. तिचा उजवा पाय लहानपणापासून दोन बोटं आखूड. तिच्यासाठीच वडिलांनी पहिला उंच तळाचा बूट शिवला, तो बघून शेजारचा एक जण आला, त्याला बघून आणखी कुणी. दुकान असं जन्माला आलं. वडिलांमागून तिचे बूट बूटवाल्यांनीच केले. गेली दोन वर्षं मात्र ती घराबाहेर पडली नव्हती. जुने बूट दाराजवळ होते, तळ न झिजलेले.

पहिल्या टोपलीत माप एकच निवडता येई, दोन्ही पायांना मिळून. दुसरीतही तेच, तिच्या कंपनीच्या मुलीशी नुकतंच बोलणं झालं होतं. डावा आणि उजवा अशा दोन वेगळ्या वस्तू मांडून बघू, असं लेक म्हणाली. तसं मांडल्यावर तिच्याच मैत्रिणीने चाचणी म्हणून घाईघाईत दोन डावे मागवले.

उरली तिसरी. तिच्यात गिऱ्हाइकाला फोटो पाठवता येत होता, चार शब्द लिहायलाही जागा होती. त्या जागेवर लेकीने शीर्षक घातलं : पायातील दोष.

बूटवाल्यांनी चष्मा काढला. "हा शब्द आपल्या दुकानात आजवर कुणी उच्चारलेला नाही."

"मग काय लिहू, बाबा? चौकट रिकामी सोडली की पुढे जाताच येत नाही."

"रोज कुठे चालत जाता, असं लिही."

लेकीने मुकाट्याने तसं लिहिलं. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करकरून कळवलं. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त तिकीट तपासनिसाचा फोटो आला. त्यात पाय होता, सतरंजी होती आणि पायावर बसलेली मांजर होती. चालत जाता कुठे, याचं उत्तर होतं : घरी. आक्का हसून हसून बेजार झाली. बूटवालेही हसले, आणि मग त्या फोटोवर फूटपट्टी धरून बराच वेळ बसले. मांजरीचं माप निघालं असतं, पायाचं निघेना.

बाराव्या दिवशी लेकीला त्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान सापडलं. ते त्यांना दाखवावं की नाही, याचा तिने थोडा विचार केला असावा. "बाबा, अर्धवट सोडलेल्या टोपल्या," ती म्हणाली. "ज्यांनी सुरुवात केली आणि मधूनच गेले, त्यांची यादी."

अकरा नावं होती. बूटवाल्यांनी बोट ठेवून एकेक वाचलं. ही गाणं शिकवणारी बाई, डावी टाच. हा टपालवाला. ह्या दोघी जावा, एक दुखण्याने आणि एक सोबतीला यायची, पण बूट दोघींना लागायचे. प्रत्येकाच्या पुढे वेळ लिहिलेली होती. कुणी चार मिनिटं थांबलं होतं. गाणं शिकवणारी बाई एकोणचाळीस मिनिटं त्या मापाच्या पानावर होती आणि मग गेली होती.

"दारातून परत गेली गं ही माणसं," ते म्हणाले. "आपल्या दारातून."

त्यांनी अकराही जणांना फोन लावले. सगळे आपुलकीने बोलले, तब्येत विचारली, जमलं नाही म्हणून उलट त्यांनीच माफी मागितली. गाणं शिकवणारी बाई म्हणाली, तुम्ही पाय हातात घेतला असतात तर सांगता आलं असतं. बूटवाले हो हो म्हणाले. फोनवरून पाय हातात घ्यायचा कसा, ते त्यांना कुणी सांगत नव्हतं.

चौदाव्या दिवशी लेकीने वही उघडली. लेक काही दगड नव्हती. तिचंही बालपण त्या साच्यांशी खेळण्यात गेलं होतं. पण दोन दिवसांनी किल्ली द्यायची होती.

"पहिली घेऊ या, बाबा. साधी आहे. साधेच बूट ठेवू, हाताने शिवलेले, ठरावीक मापांचे. तुमच्या शिवणीला तोड नाही, लोक घेतील."

"ते ठरावीक मापवाले?"

"हो."

"आणि उरलेले?"

लेकीने वहीतल्या पहिल्या नावाखाली रेघ ओढली. बूटवाल्यांनी मान डोलावली. कुणी काही विचारलं की डोलावतात तशी. दोन दिवसांनी त्यांनी किल्ली दिली. चारशे लाकडी साच्यांपैकी चौदा घरी आणले, सात डावे आणि सात उजवे. बाकीचे गोण्यांत भरून एका ओळखीच्याच्या कोठारात गेले.

वेबसाइट सुरू झाल्यावर आठ दिवस काही हाललं नाही. नवव्या दिवशी सकाळी लेकीच्या फोनवर घंटा वाजली. पहिली ऑर्डर. एक जोड, काळा, माप पाच. तिने पत्ता वाचला, पुन्हा वाचला आणि फोन तसाच वडिलांच्या हातात दिला. पत्ता याच घराचा होता.

बूटवाले आतल्या खोलीत गेले. आक्का खिडकीशी बसली होती, फोन मांडीवर.

"आक्का, हे काय? तुझं माप टोपलीला विचारतेस?"

"पहिली ऑर्डर घरातली असावी म्हटलं," ती म्हणाली. "पाच म्हणजे डावा बरोबर आहे माझा. उजव्याचं लिहायला तिथे जागाच नव्हती रे. मग म्हटलं, सत्तर वर्षं झाली, एकदा सारख्या पायांची होऊन बघू."

त्यांनी तो जोड शिवला. चार दिवस लागले. सवयीने उजव्या टाचेसाठी बुचाचा दोन बोटं जाड थर कापून झाला, तेव्हा कुठे लक्षात आलं. तो तुकडा त्यांनी बाजूला ठेवला, खिडकीच्या चौकटीवर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून असे दोन बूट झाले होते की तळाला तळ लावला तर केसाचाही फरक नाही.

आक्काने ते मांडीवर घेतले, शिवणीवरून बोट फिरवलं, तळाला तळ लावून पाहिला. "देखणे आहेत," ती म्हणाली. घालायचं तिने नावही काढलं नाही आणि बूटवाल्यांनी आग्रह केला नाही. बाहेरून लेकीने विचारलं, ऑर्डर पूर्ण झाली म्हणून खूण करू का?

मग बूटवाले गुडघ्यांवर हात टेकत खाली फरशीवर बसले. हातात फीत नव्हती, कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. त्यांनी आक्काचा उजवा पाय उचलून दोन्ही हातांत घेतला.

"रोज कुठे चालत जाता?"

आक्का हसणार होती, पण हसली नाही. तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि सांगायला लागली. आधी वडिलांच्या दुकानापर्यंतचा रस्ता, मग त्या रस्त्यावरची झाडं, मग पाण्याच्या टाकीजवळचं वळण, जिथे धाकट्या भावाचा हात धरायला लागायचा कारण तो पळायचा. ती सांगत राहिली. बूटवाले मान खाली घालून ऐकत राहिले आणि त्यांच्या तळव्यांत तिचा पाय हळूहळू सैल पडत गेला.