गडवा कुठे ठेवला?

मी एक गडवा. पुण्याकडच्या मंडळींनी तांब्या म्हणावं, माझी हरकत नाही. पण अमरावतीत येऊन तांब्या मागितला तर पाणी जरा उशिराच मिळेल. जातीने पितळ, पोटाने गोल आणि, हे सांगताना माझी मान थोडी ताठ होते, इंग्रजी शिकलेला. सगळं इंग्रजी नव्हे. एकच क्रियापद, पुट. पण ते असं शिकलोय की त्याचे पोचे अजून अंगावर आहेत.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या भांडेबाजारात माझी विक्री झाली. चारुशीलेच्या लग्नाची खरेदी होती. तिच्या वडिलांनी मला टिचकी मारली, कान लावला, पुन्हा टिचकी मारली. दुकानदार म्हणाला, "आवाज पाहा पंत, देवळातली घंटा!" पंत म्हणाले, "घंटा घ्यायला आलो नाही, गडवा घ्यायला आलोय. भाव सांगा." अशी माझी पाठवणी ठरली.

चारुशीलेचा नवरा गोवर्धन हा शांत माणूस. रात्री मी त्याच्या उशाशी असे. शेवटचं पाणी तो माझ्यातलं प्याला. याविषयी चारुशीला कोणाशी बोलत नाही, मीही बोलणार नाही.

त्यानंतर आम्ही दोघं अमरावतीला तिच्या भावाकडे आलो. कमलाकांत वकील. घर चांगलं, माणसं चांगली, फक्त जागा नव्हती. प्रत्येक कोनाड्यात काहीतरी आधीच बसलेलं. कुंदावहिनी मनाने प्रेमळ, पण घरातली वस्तू न् वस्तू कुठे असायची हे त्यांच्या डोक्यात कोरलेलं.

"वन्सं, ती पेटी तिथे नका हो ठेवू. यांच्या अशिलांना बसायला लागतं."

"बरं."

"आणि पुस्तकं? फडताळात पापडाचे डबे आहेत."

"मग कुठे ठेवू, वहिनी?"

"थांबा, मी सांगते."

वहिनी सांगत आणि चारुशीला ठेवत असे. दोन वर्षं तिच्या तोंडी 'कुठे ठेवू' हाच प्रश्न होता. वहिनी वाईट मुळीच नव्हत्या. चूक कोणाची नसली की तक्रारही करता येत नाही, एवढीच अडचण होती.

अकोटच्या एका हायस्कुलात बाई हव्या होत्या. तिथल्या मंडळींनी सांगितलं, बी. टी. पास होऊन या, जागा तुमची. म्हणून चारुशीला चौतिसाव्या वर्षी शिक्षकांच्या कॉलेजात गेली. पास झाली तर अकोट, स्वतःचा पगार, स्वतःची खोली. नाहीतर पापडाच्या डब्यांशेजारी जन्म काढायचा. भाऊ काही तिला बाहेर काढणार नव्हता, आणि तिला भीती त्याचीच होती.

त्या दिवसांत इंग्रजी शिकवण्याची नवी पद्धत आली होती. वर्गात मराठी अक्षर काढायचं नाही, सारं करून दाखवायचं. ठेवून दाखवायचं, उचलून दाखवायचं. दाखवायला वस्तू हवी, म्हणून चारुशीलेने मला पिशवीत घातलं.

"अहो वन्सं," वहिनी ओरडल्या, "इंग्रजी त्याला खुशाल येऊ द्या, पण दुपारी पाणी कशातून प्यायचं?"

घरी तयारी करताना ती मला बाजेवर ठेवी, बाजेखाली ठेवी, पेटीत ठेवी, आणि दर वेळी म्हणे, "आय पुट द गडवा." मला हे क्रियापद आवडू लागलं. आपल्याकडे दिवा विझवायला एक शब्द, टोपी घालायला दुसरा, काम उद्यावर ढकलायला तिसरा. इंग्रजाने ही सारी कामं एकाच गड्याच्या गळ्यात मारलेली. पुटच्या पुढे 'आउट' जोडलं की दिवा विझला, 'ऑन' जोडलं की टोपी डोक्यावर चढली, 'ऑफ' जोडलं की आजचं काम उद्यावर गेलं. 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणं, असं तिने पुस्तकात पाहिलं, तेव्हा आत वहिनी डबे हलवत होत्या. तिने पान उलटलं. "हे नको," ती मला म्हणाली. "हे मुलांना इतक्यात कशाला?"

आता माझा अपराध सांगतो. मी लोकप्रिय झालो.

सहाध्यायी हरिहर एक दिवस म्हणाला, "चारुशीलाबाई, तुमचा गडवा द्या की उद्यापुरता. माझाही पाठ पुटचाच आहे." तिने दिला. हरिहरच्या हातून मी दोनदा पडलो. मग सिंधूने नेलं, मग आणखी कोणी नेलं. 'नाही' म्हणणं चारुशीलेला जमत नसे. सराव पाठांसाठी शाळा एक आणि वर्गही एकच. त्या वर्गातल्या मुलांनी हिवाळाभर दुसरं काही पाहिलं नाही. नवा मास्तर यायचा, पिशवीतून मी निघायचो, मला टेबलावर ठेवायचा. शेवटी शेवटी मी दिसलो की पोरं जांभया देत.

परीक्षेचे पाठ मार्चात झाले. तपासायला मोरोपंत नावाचे गृहस्थ बाहेरगावाहून आले होते. काळा कोट, काळी टोपी आणि चेहरा असा की त्यावर एखादं हसू चुकून येऊन गेलं असेल तर ते फार जुन्या काळी. ऊन तापलं होतं. मोरोपंत मागच्या बाकावर बसले, टोपी काढून शेजारी ठेवली आणि लिहू लागले.

चारुशीलेने मला टेबलावर ठेवलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"यू पुट द गडवा ऑन द टेबल!" अख्खा वर्ग गरजला.

"सायलेन्स. नाउ..."

"अंडर द टेबल! ऑन द चेअर! इन द बॉक्स!"

चाळीस मिनिटांचा पाठ एका दमात संपला. पहिल्या बाकावरची जमुना मदतीच्या भावनेने म्हणाली, "बाई, आता त्याले पेटीत ठेवा ना. मंग खुर्चीवर. हरिहर सर तसेच करत."

चारुशीलेने मला टेबलावरून उचलून घट्ट धरलं.

मागून मोरोपंतांचा आवाज आला. "बाई, हे तुम्ही शिकवताय, की यांना येतंय ते मी ऐकतोय?"

वेळकाढूपणा करून तिला पाठाचं टिपण पुरं करता आलं असतं. पण तिने टिपण मिटलं, माझं बूड त्यावर टेकवलं, पुन्हा मला उचललं आणि तिसऱ्या बाकावरच्या नत्थूच्या हातात दिलं. हा पोरगा भातकुलीकडचा, फार आडदांड.

"नत्थू, आय क्लोज माय आइज. यू पुट द गडवा." तिने पदर डोळ्यांवर घेतला. "एनीव्हेअर."

नत्थूला 'एनीव्हेअर' कळलं नाही, पण बाईंनी डोळे मिटलेले कळले. त्याने वर्गभर नजर फिरवली. त्याचे डोळे कुठे थांबले ते मी पाहिलं आणि माझ्यातलं उरलंसुरलं पाणी थंड झालं. पायांचा आवाज न करता तो मागे गेला. त्याने मला मोरोपंतांच्या शेजारी बाकावर ठेवलं आणि त्यांची टोपी उचलून माझ्या डोक्यावर घातली.

टोपी मला खांद्यांपर्यंत आली. मोरोपंत लिहीत होते. शेजारी दुसरे मोरोपंत येऊन बसलेत हे त्यांच्या गावी नव्हतं.

चारुशीलेने डोळे उघडले. "व्हेअर इज द गडवा?"

सारा वर्ग चिडीचूप. हे कोणाच्याच पाठांतरात नव्हतं. पोरं तोंडावर हात दाबून बसली होती. अखेर जमुना उठली. शब्द एकेक करून, विहिरीतून पोहरा ओढावा तसे वर आणत म्हणाली, "नत्थू... पुट... द टोपी... ऑन द गडवा."

"नो बाई!" नत्थू उसळला. "फर्स्ट आय पुट गडवा! निअर साहेब! देन टोपी! हे जमुना अर्धंच सांगून रायली!"

मग कोणी थांबेना. "गडवा पुट ऑन टोपी!" "नो, नत्थू पुट!" "गडवा इज साहेब!" इंग्रजी मोडकं होतं, लंगडं होतं, पण हिवाळाभरात पहिल्यांदाच ते त्यांचं स्वतःचं होतं. चारुशीलेने मागे वळून फळ्यावर 'पुट ऑन' लिहिलं. तेव्हा कुठे तिची नजर मागच्या बाकावर गेली, आणि खडू हातातच राहिला.

मोरोपंतांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टोपी उचलली आणि वर्गाला विचारलं, "हू पुट माय कॅप ऑन धिस जेंटलमन?"

सगळी बोटं एका दिशेला गेली. "नत्थू पुट, सर!"

नत्थूच्या डोळ्यांत पाणी. "म्या नाही सर! मले बाईनंच सांगतलं!"

वाटलं असतं तर तिला गप्प राहता आलं असतं. ती पुढे आली आणि म्हणाली, "होय सर. मीच सांगितलं." नवी पद्धत विसरून, सरळ मराठीत.

"टिपणात हे आहे?"

"नाही सर. टिपणातलं सगळं यांना आधीच येत होतं."

मोरोपंतांनी टोपी डोक्यावर घातली, लेखणी खाली ठेवली आणि मला नत्थूच्या हातात दिलं. "वन्स मोअर," ते म्हणाले. "या वेळी डोळे मी मिटतो."

आणि मिटलेही. तो तास घंटा झाल्यावरही थोडा वेळ चालला.

बाहेर हरिहर कपाळाला हात लावून म्हणाला, "परीक्षकाची टोपी! गेलं तुमचं वर्ष, बाई." उन्हाळाभर तिलाही तसंच वाटत होतं. निकाल लागला त्या दिवशी कमलाकांताने वर्तमानपत्र तिच्यापुढे धरलं. कुंदावहिनी पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "आता मी कोणाला सांगू हो, काय कुठे ठेवायचं ते?"

अकोटच्या खोलीची मालकीण पार्वताबाई. एस. टी. स्टँडवरून सामान आलं तेव्हा ती कंबर कसून दारात उभी राहिली. "सांगा ना बाई, काय कुठी ठेवू? खोली तुमचीच हाय."

चारुशीला मला हातात धरून खोलीच्या मधोमध उभी होती. कोनाडा रिकामा, खिडकी रिकामी, चारही कोपरे रिकामे. ती कोनाड्याकडे वळली, मग खिडकीकडे, आणि पुन्हा मधोमध आली. हा प्रश्न तिने दोन वर्षं विचारला होता. तो तिलाच कोणी विचारेल यासाठी तिची तयारी नव्हती.

"काहून बाई, काय झालं?"

"काही नाही. राहू द्या. मी ठेवते एकेक."

त्या संध्याकाळी तिने मला कोनाड्यात ठेवून पाहिलं, पेटीवर ठेवून पाहिलं, दाराजवळ ठेवून पाहिलं. दर वेळी लांब उभी राहून बघे आणि पुन्हा उचले. मला एवढं कोणी कधी मिरवलं नव्हतं. शेवटी खिडकीत ठेवलं. बरीच वर्षं झाली, मी तिथेच आहे. शाळेत मी पुन्हा गेलो नाही. तिथे ती दर वर्षी नवीन काहीतरी नेते आणि पोरांना लपवायला देते.

तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं भांडं असेल. एकदा ते घरातल्या बाईच्या हातात द्या, कुठे ठेवायचं ते विचारा, आणि ती सांगेपर्यंत मध्ये बोलू नका. थोडा वेळ लागेल. लागू द्या.