कमरेचा धोंडा

गोजराबाईला त्या कामाला बोलावलं ते तिच्या मायाळू हातांसाठी. फाळणीनंतरचा पहिला हिवाळा. कारंज्याच्या एका बंद पडलेल्या, कापसातली सरकी काढायच्या जिनात सिंधमधली निर्वासित कुटुंबं उतरली होती. पोरांना तपासायला डॉक्टर आले, पण पोरी परक्या पुरुषाला हात लावू देईनात. तेवढ्यात मेथीची टोपली घेऊन आलेली ही माळीण त्यांना दिसली.

जिनातल्या कापसाच्या काट्यावर पोरांचं वजन चाललं होतं. सतरा शेरांच्या आत भरलं, की पोर एकटंच अकोल्याच्या दवाखान्यात पाठवायचं, असा नियम होता.

निर्वासितांतल्या जेठीबाईची लेक ईश्वरी सात वर्षांची, नुसता हाडांचा सापळा. तिला पारड्यात बसवताना गोजराबाईच्या हाताला शालीखाली काहीतरी टणक लागलं. शाल सारून पाहिलं, तर कमरेला तांबड्या शिरेचा चपटा धोंडा बांधलेला. गोजराबाईच्या लगेच ध्यानात आलं. तिचीही दोन लेकरं गेली होती, म्हणून तिसरीचं नाव तिनं धोंडी ठेवलं होतं. धोंड्याला मरण उचलत नाही म्हणतात. या लोकांत नावाऐवजी धोंडाच बांधत असतील! देवाच्या वस्तूला हात कोण लावणार? तिनं शाल नीट केली. काटा अठरावर गेला.

"ठीक आहे. पुढची," डॉक्टर म्हणाले.

अर्धवट शहाणपणासारखा वैरी नाही, हेच खरं.

आठ दिवसांनी डॉक्टर पुन्हा येणार म्हणून गोजराबाई जिनात आली, तर ईश्वरी उन्हात पडलेली. उठून बसायचंही त्राण नव्हतं. शेजारी चूल पेटली होती आणि तिच्या तीन दगडांत तो तांबड्या शिरेचा धोंडा होता. देवाचा धोंडा कोणी चुलीला लावतं? म्हणजे तो नुसता वजन वाढवायला बांधला होता!

"काहून केलं वं माय असं?"

जेठीबाईनं तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाली, "बडी बेटी को रास्ते में ले गए. बोले, बीमार है, ठीक करके देंगे. फिर मिली नहीं."

गोजराबाई तिच्या शेजारी बसली. हिच्यावर रागवायला तिला तोंड नव्हतं. दोघींनी चूक केली होती आणि भोगत होती ती पोरगी.

"माही दोन लेकरं गेली," ती म्हणाली. "तिसरीचं नाव धोंडी ठेवलं, तवा ते जगली. मले वाटलं, तुमच्यातबी तसंच काई असन. म्हणून म्या धोंडा सोडला नाई."

डॉक्टर आल्या आल्या तिनं सगळं सांगून टाकलं. ते भडकले, नाही नाही ते बोलले. गोजराबाईनं मान खाली घालून ऐकून घेतलं, पण जागची हलली नाही.

"पोरगी जाईन साहेब, पण तिची माय संगं जाईन. नाई तं मी काट्यापाशी उभी राहत नाई."

डॉक्टरांनी दोघी मायलेकींकडे पाहिलं. पुन्हा वजन केलं. पंधरा शेर. त्यांनी मोटारीत दोघींना जागा करून दिली आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

"मुलीचं नाव?"

जेठीबाईनं गोजराबाईकडे पाहिलं. मग पोरीला छातीशी घट्ट धरून म्हणाली,

"लिखो, धोंडी."