गार इंजिनाची ठिणगी

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला, एका दिव्याने काणा झालेला निळा पिकअप दिसतो ना? तोच मी. माझं इंजिन आजही ठणठणीत आहे. तरी मी इथे का उभा आहे, ते सांगतो.

उमेदीची वर्षं मी विटा वाहिल्या. मग गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मला घेतलं. त्यांची लेक गाडी शिकली ती माझ्यावरच, आणि पुढे रोपवाटिकेची रोपं घेऊन ती गावोगाव फिरू लागली. उतरताना ती माझ्या बॉनेटवर थाप मारायची. एवढं कौतुक मला पुरत असे.

पण माझ्या पोटातली कॉइल म्हातारी झाली. प्लगला ठिणगी पुरवायची ती. गार असताना इमानेइतबारे काम करी, तापली की हात वर करी. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर, भर उन्हात मी एकदा बंद पडलो आणि मग पडतच गेलो. तासभराने गार झालो की चालू. लेक तेवढा वेळ रस्त्याकडेच्या गावाच्या पाटीच्या सावलीत बसून रोपांवर आपल्या बाटलीतलं पाणी शिंपडायची.

मिस्त्री मला तपासत ते सकाळी, चहा झाल्यावर. प्लग काढून तारेला लावायचा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि लेकीला सांगायचं, "सेल्फ मार." ती किल्ली फिरवायची आणि मी निळीशार ठिणगी टाकायचो. डॉक्टर दिसला की मुलाचा ताप उतरावा, तसा मी शहाणा! मिस्त्रींनी तीस वर्षं अशाच ठिणग्या पाहिल्या होत्या. त्यांचं मत पक्कं होतं.

लेक तिसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, तापल्यावर बंद पडतो हा. एकदा माझ्याबरोबर चला ना."

"गाडीत काही खोट नाही," मिस्त्री म्हणाले. "खोट चालवणाऱ्यात आहे."

मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं. तिसऱ्यांदा रोपं सुकली तेव्हा रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी दुसरी गाडी लावली. मिस्त्रींनी लेकीच्या हातातून किल्ली घेतली आणि खिळ्याला अडकवली. ती एका शब्दानेही भांडली नाही. महिनाभरात दूरच्या शहरात, एका दुकानात कामाला लागली. जाताना माझ्याजवळून गेली, पण थाप मारली नाही.

पुढे एकदा गॅरेजचं सामान आणायला मिस्त्री स्वतःच मला घेऊन निघाले. त्याच चढावर, त्याच उन्हात मी थांबलो. त्यांनी बॉनेट उघडलं, प्लग काढला, लोखंडाला टेकवला आणि सवयीने म्हणाले, "सेल्फ मार."

किल्लीजवळ कुणीच नव्हतं.

प्लग तसाच हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी कॉइलला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. त्यांना सगळं कळलं. मी गार होईपर्यंत ते पाटीच्या सावलीत बसून राहिले, लेक बसायची तिथेच.

त्यांनी कॉइल बदलली आणि माझ्याशेजारी उभं राहून फोन लावला.

"कॉइल होती गं," ते म्हणाले. "चूक माझी होती. येतेस का परत?"

"बरं झालं सापडलं, बाबा," ती पलीकडून म्हणाली. "पण आता माझ्यानं गाडीवर बसवणार नाही."

किल्ली पुन्हा त्या खिळ्यालाच आहे. मिस्त्री रोज येऊन माझी धूळ पुसतात, पण चालवत नाहीत.

मित्रांनो, माझी कॉइल दोन बोल्टांची. ती बदलायला अर्धा तास लागला. तुमचं माणूस 'अमुक ठिकाणी अडतंय' म्हणालं, तर त्याला घरी तपासत बसू नका. त्याच्या शेजारी बसा आणि त्या चढापर्यंत जा. ती तीनदा म्हणाली होती, एकदा माझ्याबरोबर चला.