मास्क मीच भरतो

मी बोलतोय, मुरबाडच्या एसटी स्टँडमागच्या क्लासातला खिडकीजवळचा संगणक. ठाण्याच्या एका ऑफिसाने मला मोडीत काढलं, तेव्हा कमळाकर सरांनी इथे आणलं. पंखा घरघरतो, दोन कळा निघाल्यात. तरी नेटवर्किंगच्या परीक्षेला बसणारी पोरं माझ्यावरच हात बसवतात.

मला एक खोड आहे. नेटवर्कवरच्या संगणकाचा आकड्यांतला पत्ता टाइप केला की त्याखालचा मास्क नावाचा आकडा मी न विचारता भरून टाकतो. पत्त्यातलं गाव कुठे संपतं नि घर कुठे सुरू होतं, ते मास्क सांगतो. पूर्वी पत्त्याचा पहिला आकडा बघूनच ते ठरायचं. ए, बी, सी असे ठरीव वर्ग होते. तो जमाना गेला. आता एका गावाचे हवे तेवढे पाडे करतात आणि मास्क दर वेळी मोजावा लागतो. मला मात्र जुनंच येतं.

टोकावड्याच्या मितालीच्या हे लक्षात आलं. तिची आई भागीरथी ढाब्यावर भाकऱ्या थापते. घरच्यांशी भांडून तिने लेकीसाठी ही परीक्षा पदरात पाडून घेतली होती. एकच संधी. नापास झाली तर कंपनीत पॅकिंगला जायचं, असं ठरलेलं.

"सर, मोबाइलवरच्या व्हिडिओत मास्क मोजायला सांगतात," मिताली म्हणाली. "आपण तर मोजत नाय."

"तो भरतो ना गो? तू वर्ग तेवढे पाठ कर."

सरांना स्वतःलाच मोजता येत नव्हतं. पण सरांचा शब्द मोडायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिने मोबाइल दप्तरात टाकला. माझा नुसता जळफळाट झाला.

परीक्षेत पाड्यांचेच प्रश्न जास्त आले. तिने पहिला आकडा बघितला आणि अगदी माझ्यासारखी उत्तरं दिली. ती नापास झाली.

पॅकिंगच्या कामावर जाण्याआधी ती सरांच्या पाया पडायला आली. "माझंच डोकं कमी पडलं, सर," म्हणाली. सर "असू दे" म्हणाले. त्या दोन शब्दांबद्दल मी त्यांना माफ करणार नाही.

आज तिच्या खुर्चीत वैशाखऱ्याची रुपा बसली आहे. तिनेही विचारलं, मास्क काय टाकू? सर म्हणाले, काय नाय टाकायचं. तिने पत्ता टाकला आणि मी मास्क भरला.

स्टँडवर उतरणाऱ्या कुणाला मोजता येत असेल, तर आत या, या पोरीशेजारी जरा बसा. तेवढा वेळ नसेल, तर निदान माझी वायर ओढून जा.