सुगडांच्या आतल्या रेघा

शालनने सुगड खिडकीच्या उजेडात धरलं, आत तर्जनी घातली आणि तळापासून काठापर्यंत सावकाश फिरवली. बोटाला रेघा लागल्या. बारीक, सारख्या अंतराच्या, वर चढत जाणाऱ्या. तिने पाचही सुगडं तशीच तपासली आणि फळीवर परत ठेवली. ती अजून कच्ची होती, भट्टीत जायची होती.

“रघुपतीराव हाताने केलीत म्हणाले ना?” तिने विचारलं.

“हो. मातीचा गोळा इथूनच घरी नेला होता,” हेमावती म्हणाली. शालनच्या मातीकामाच्या वर्गाची भट्टी आणि रंग तिच्याकडे असत. “का अक्का? छान आहेत की.”

“तेच तर.”

हाताने दाबून केलेल्या भांड्यात अशा रेघा येत नाहीत. त्या चाकावरच येतात, आणि रघुपतीरावांच्या घरी, बेंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या दुसऱ्या मजल्यावर, चाक असणं शक्य नव्हतं. वर्गात विजेवर चालणारं एक चाक होतं. पण त्यावर केलेल्या भांड्यातल्या रेघा नेमक्या उलट दिशेने चढत.

“एक सांगू?” हेमावतीने हात पुसले. “मंगळवारी मी शिवाजीनगरला गेले होते. रघुपतीराव कुंभारांच्या गल्लीतून बाहेर पडत होते. हातात पिशवी. मला बघितलं आणि पलीकडे वळले.”

“नक्की तेच?”

“डिसेंबरात छत्री घेऊन दुसरं कोण फिरतं?”

आदल्या वर्षी एका बाईंनी विकत आणलेली बाहुली स्वतःची म्हणून प्रदर्शनात मांडली होती. दुकानाची चिठ्ठी बाहुलीच्या पायाला तशीच होती. वर्गाला खोली देणाऱ्या मराठी मंडळाचे चिटणीस विश्वासराव तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, “पुन्हा असं झालं, बाई, तर ही खोली भजनाला देऊ. भजन निदान ज्याचं तो म्हणतो.” तेव्हापासून प्रत्येक वस्तूपुढच्या कार्डावर एक ओळ छापलेली असे : ‘या वर्गात शिकून विद्यार्थ्याने स्वतः घडविलेली वस्तू.’ खाली शालनची सही.

शनिवारी रघुपतीराव नेहमीप्रमाणे नातीला घेऊन आले. रूपश्री नऊ वर्षांची होती. जूनमध्ये ते तिला सोडायला म्हणून आले होते आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःचं नाव घालून गेले. एका कारखान्याच्या टपाल विभागातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घालणारे, कमी बोलणारे गृहस्थ. सहा महिन्यांत त्यांनी दोन पणत्या आणि एक वाकडी वाटी केली होती. आणि आता एकदम ही पाच सुगडं.

“रघुपतीराव, आज तुम्ही चाकावर बसा,” शालन म्हणाली.

“मी? नको बाई. मुलांना द्या.”

“मुलांचं झालं. तुमचंच राहिलंय.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, स्टुलावर बसले आणि कोणी सांगायच्या आधी हात पाण्यात बुडवले. शालनने बटण दाबलं. गोळा फिरू लागला. त्यांचे दोन्ही हात त्यावर टेकले आणि लगेच बाजूला फेकले गेले. पुन्हा टेकले. माती एका अंगाला कलली, फाटली आणि तिचा एक लपका त्यांच्या चष्म्यावर बसला.

मुलं खिदळली.

“आजोबा, तुम्हाला स्वल्पसुद्धा येत नाही!” रूपश्री म्हणाली.

“नाही येत गं,” ते म्हणाले. चष्मा पुसून ते चाक पूर्ण थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. लाजल्यासारखे मात्र दिसले नाहीत. ते शालनला सगळ्यात जास्त खटकलं. तिने प्रदर्शनाची यादी उघडली आणि त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारली.

पण पुराव्याशिवाय नाव काढणं तिला पटेना. मंगळवारी सकाळी तिने एक सुगड वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि ती शिवाजीनगरच्या बसमध्ये बसली.

कुंभारांच्या गल्लीत कुंड्या होत्या, माठ होते, तंदूरच्या भट्ट्या होत्या. सुगड कुठेच नव्हतं. पहिल्या दोन दुकानदारांनी तिचं सुगड बघून मान हलवली. असलं इथे कोण घेतं, असं दुसऱ्याने कानडीत विचारलं. तिसऱ्या दुकानात बसवंत नावाचा पन्नाशीचा माणूस होता. तिच्या कानडीतला मराठी हेल ऐकून तो मराठीतच बोलू लागला. तो निपाणीकडचा होता.

“हे तुमच्याकडं कसं आलं?” त्याने सुगड हातात घेतलं.

“तुम्ही विकलंत ना हे? एका म्हाताऱ्या गृहस्थांना?”

“मी? मला कुंड्या सोडून काय येत न्हाई, अक्का. हे अण्णांचं काम. दर मंगळवारी येतात, माझ्या चाकावर बसतात. आज यायचेच हाईत, अकरा वाजता.”

शालनने घड्याळ पाहिलं. दहा वीस झाले होते.

“आमच्या वर्गात त्यांना चाकावर काहीच जमलं नाही,” ती म्हणाली. “मी स्वतः पाहिलं.”

बसवंत हसला. “फोनवर सांगितलं मला. तुमचं चाक उलटं फिरतंय की हो. बाईंनी मला डावरा केला म्हणाले. सातव्या वर्षी बसलेला हात तो, एका दिवसात कसा फिरंल?”

“सातव्या?”

“आमच्यातलेच ते. कुंभार. त्यांचा बाप आमच्या बाजाराला गाडगी घेऊन यायचा.” त्याने सुगड पुन्हा कागदात गुंडाळलं, तिच्यापेक्षा नीट. “नोकरीला म्हणून इकडं आले, आडनाव बदललं. पोराचं लगीन मोठ्या घरात झालं. सुनंला न्हाई ठाऊक, तिच्या माहेरच्यांना तर न्हाईच न्हाई. तुम्हीबी बोलू नका.”

“मग आमच्या वर्गात कशाला येतात?”

“इथं केलेलं घरी काय सांगून न्यायचं? तुमच्या वर्गातनं नेलं की हौस म्हणत्यात.”

अकराच्या आत शालन तिथून निघाली.

गुरुवारी हेमावतीने भट्टी लावली. पाचही सुगडं तडा न जाता निघाली. शनिवारी दुपारी शालन कार्डं लिहायला बसली. रघुपतीरावांचं नाव लिहिलं. खाली छापील ओळ होती. ‘स्वतः घडविलेली’ याबद्दल तिला आता शंका नव्हती. ‘या वर्गात शिकून’ या शब्दांवर पेन बराच वेळ थांबलं. शाईचा एक ठिपका उमटला. तिने त्याच्या शेजारी सही केली, आणि यादीतली फुली खोडून टाकली.

रविवारी प्रदर्शनात विश्वासराव चष्मा लावून एकेक कार्ड वाचत आले. सुगडांपाशी थांबले.

“सहा महिन्यांत एवढं? बाई, नक्की ना?”

“खाली सही माझी आहे,” शालन म्हणाली.

त्यांनी सही पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडे सरकले.

रघुपतीराव भिंतीशी उभे होते. त्यांची सून प्रतिमा आपल्या आईला घेऊन आली होती. आईने एक सुगड उचललं, तळहातावर ठेवून फिरवलं.

“बेंगळूरला आल्यापासून संक्रांतीला स्टीलच्या वाट्याच पुजतेय मी,” त्या म्हणाल्या. “व्याही, हे खरंच तुम्ही केलंत?”

“पण त्यांना तर चाक येतच—” रूपश्रीने सुरुवात केली.

“तेव्हा येत नव्हतं,” शालन म्हणाली. “नंतर सराव केला त्यांनी.”

रघुपतीरावांनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. तिने मंगळवारचं काही सांगितलं नव्हतं.

प्रतिमाने दुसरं सुगड उचललं. काठावरून बोट फिरवलं आणि कौतुकाने हसली.

“बाबा, अगदी कुंभाराने केल्यासारखी झालीत हो.”

रघुपतीरावांनी हात पाठीमागे घेतले.

“छे गं,” ते म्हणाले. “तेवढं कुठलं जमायला. बाईंना विचार हवं तर.”

प्रतिमा शालनकडे वळली, अजून हसतच.

“शिकतायत,” शालन म्हणाली.