रसकापूर घोटलेला खल

मी खल आहे, काळ्या दगडाचा. चामोर्शीत नूर मोहम्मद अत्तारांच्या घरामागे, न्हाणीच्या भिंतीशी पालथा पडलोय. इथे माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

अकरा वर्षं मी रहमतबीच्या मांडीसमोर होतो. नूर मोहम्मद दुकान पाहत, पण चेहऱ्याला लावायचं उटणं त्यांची बायको रहमतबी करायची. त्यात काय घालायचं ते तीच ठरवी. आंबेहळद मोडून हुंगायची. संत्र्याची साल सावलीतच वाळलेली हवी. आलापल्लीकडची सोमारी नावाची बाई चारोळी घेऊन आली की एक दाणा चावून बघे. खवट लागला तर अख्खी टोपली परत. माझ्यात कुटलेलं उटणं आधी स्वतःच्या गळ्याला लावी, दोन दिवस थांबे, मगच विकी.

"यानं काळी गोरी होत नाई, बाई," ती सगळ्यांना सांगे. "तेज येते, तेवढंच."

१९५४ च्या उन्हाळ्यात शकुबाई आपल्या मुलीला, कमळाला घेऊन आली. रंगावरून दोन स्थळं मोडली होती. तिसरे पाहुणे महिन्याभरात यायचे होते.

"रहमतबी, लवकर गोरं करणारं काई दे ना व. पोरीचं कसं होईन?"

"तसलं मी ठेवत नाई, शकुबाई. अन् पोरीच्या रंगाले झालं काय?"

कमळा मान खाली घालून माझ्या कडेवरून बोट फिरवत होती. शकुबाई डोळे पुसत परत गेली.

ते डोळे नूर मोहम्मदांना पाहवले नाहीत. माणूस वाईट नव्हता. रहमतबी माहेरी गेली त्या आठवड्यात त्यांनी नागपूरहून रसकापूर आणला. पाऱ्याचं ते पांढरं विष. लोण्यात घालून माझ्यातच घोटलं आणि कमळाच्या तोंडाला लावायला शकुबाईला दिलं. मी दगड, मला नको म्हणता आलं नाही.

थोड्याच दिवसांत कमळा उजळली. शकुबाई पेढे घेऊन आली. मग गालांची सालटं निघू लागली, तोंड आलं, दात हलू लागले. पाहुणे आले आणि चहाही न घेता उठले.

रहमतबी परतली, तिनं कमळाला पाहिलं.

"काऊन केलं तुम्ही?"

"वाटलं, पोरगी उजवली जाईन," नूर मोहम्मद एवढंच म्हणाले.

ती कमळाला घेऊन चांद्याच्या दवाखान्यात गेली, एकोणीस दिवस तिच्या उशाशी राहिली. कमळा वाचली. गालांवरचे काळे डाग मात्र राहिले.

घरी आल्यावर रहमतबीनं मला राखेनं घासायला घेतलं. मधेच हात थांबला. "दगडात मुरलं असन तर?" ती स्वतःशीच म्हणाली आणि मला उचलून इथे ठेवून गेली. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आता आत नवा खल आहे. त्याचा आवाज मला रोज ऐकू येतो. कमळा रोज येते, चारोळी निवडते. कोणी बाई लवकर गोरं व्हायचं औषध मागू लागली, की कमळा नुसता तोंडावरचा पदर बाजूला करते. बाई साधं उटणं घेऊन जाते.

मला पुन्हा घरात घ्या, असं मी म्हणत नाही. पण रहमतबी थकत चालली आहे. उद्या ती नसेल, तेव्हा धडधाकट खल दिसला म्हणून कोणी मला चटणी वाटायला उचलून नेऊ नका. घरात तुमची लेकरं जेवतात.